ब्राउझरमधील हट्टी पॉप-अप आणि आपल्या पसंतीचे होमपेज

पारोळा तालुक्यातील एक शेतकरी आप्पा गेल्या हिवाळ्यात माझ्या अमळनेरच्या दुकानात आले आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला. कापूस घरात येऊन पडलेला, भाव वाढण्याची वाट पाहणे सुरू, आणि त्यासाठी रोज सकाळी फोनवर ‘आजचे कापूस भाव’ शोधायचे, असा त्यांचा दोन महिन्यांचा परिपाठ होता. त्या दोन महिन्यांत फोनची अवस्था अशी झाली होती की कुलूप उघडण्यापूर्वीच पडद्यावर लाल त्रिकोण, त्याखाली ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस आढळले आहेत’ ही ओळ, तिच्याखाली कर्जाची जाहिरात आणि तिच्याखाली रमीची. “भाऊ, हाई घंटी बंदच व्हत नही,” एवढेच ते म्हणाले. आधीच्या एका दुकानात त्यांना सांगितले गेले होते की फोन फॉरमॅट केल्याशिवाय इलाज नाही, म्हणून ते नातवाचे फोटो कसे वाचवायचे याच काळजीत होते. प्रत्यक्षात काम चार मिनिटांचे निघाले, आणि एकही फोटो हलवावा लागला नाही.

ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे माझे दुकान असल्यामुळे असे फोन आणि संगणक आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येतात. पुढे लिहिलेली कृती त्या चार मिनिटांची आहेच, शिवाय जिथे चार मिनिटांत भागत नाही अशा प्रसंगांचीही आहे. दुकानातल्या बहुतेक फोनमध्ये आणि संगणकांमध्ये ब्राउझर इंग्रजीतच असतो, म्हणून बटणांची नावे मी इंग्रजी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. ब्राउझर नव्या आवृत्तीत ही नावे थोडीफार मागेपुढे करतो, तेव्हा नेमके नाव सापडले नाही तर सेटिंग्जच्या वर असलेल्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन’ किंवा ‘होम’ एवढे टाकून पाहावे.

आधी चौकट कुठून येते ते ओळखावे

पॉप-अप हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु त्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचे औषध वेगळ्या ठिकाणी असते. ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यातून किंवा फोनच्या वरच्या पट्टीतून चौकट येत असेल आणि तिच्यात ‘क्रोम’ या शब्दाशेजारी बारीक अक्षरांत एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसत असेल, तर ती त्या संकेतस्थळाने पाठवलेली सूचना, म्हणजे नोटिफिकेशन आहे. एखादे ठरावीक संकेतस्थळ उघडल्यावरच नवी खिडकी किंवा नवा टॅब उघडत असेल, तर तो खरा पॉप-अप. आणि फोनवर कोणाशी बोलत असताना, गॅलरी पाहत असताना, म्हणजे ब्राउझरशी काही संबंध नसताना जाहिरात पूर्ण पडद्यावर येत असेल, तर दोष एखाद्या ॲपचा आहे. ब्राउझरची सेटिंग्ज दिवसभर उलथीपालथी केली तरी ती जाणार नाही.

दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी पहिल्या प्रकारच्याच सर्वांत जास्त असतात. लोक त्याला व्हायरस म्हणतात. तो व्हायरस नसतो. ती आपणच कधीतरी दिलेली परवानगी असते, आणि दिलेली परवानगी परत घेता येते.

नोटिफिकेशनची परवानगी परत घेणे

संकेतस्थळाने ब्राउझर बंद असतानाही सूचना पाठवावी ही सोय क्रोममध्ये एप्रिल २०१५ मध्ये आली. टपाल आले, सामना सुरू झाला, निकाल लागला, अशा कामाच्या गोष्टी कळाव्यात हा तिचा हेतू होता. त्यासाठी संकेतस्थळ एक छोटी चौकट दाखवते आणि तिच्यात ‘अलाउ’ व ‘ब्लॉक’ अशी दोन बटणे असतात. घाईत असलेला माणूस पुढचे पान दिसावे म्हणून ‘अलाउ’ दाबतो, कारण त्याला ते ‘ठीक आहे, पुढे चला’ असे वाटते. काही संकेतस्थळे याहून पुढे जातात आणि ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहितात, किंवा व्हिडिओच्या जागी फिरणारे चाक दाखवून ‘पाहण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगतात. हे साफ खोटे असते. माणूस असल्याची खरी तपासणी चित्रे निवडायला लावील किंवा चौकोनात खूण करायला सांगेल. नोटिफिकेशनची परवानगी ती कधीही मागत नाही.

आप्पांच्या फोनवर मी जे केले ते असे. क्रोम उघडून उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवले, ‘सेटिंग्ज’मध्ये गेलो, तिथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’. तिथे परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी उघडली, तेव्हा तीत ३१ नावे होती. त्यांतली दोन बाजारभावांची, एक क्रिकेटचे, आणि उरलेली अशी की ज्यांच्या पत्त्यात अक्षरांची नुसती खिचडी होती, कोणालाही वाचता येऊ नये अशी. आप्पांनी त्या खिचडी नावांतले एकही जाणीवपूर्वक उघडलेले नव्हते. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे ढकलत नेले होते, आणि प्रत्येक थांब्यावर ‘अलाउ’ दाबले गेले होते. एकेका नावावर बोट ठेवून परवानगी बंद केली. शेवटी त्याच पानावर सर्वांत वर असलेली कळ बंद करून टाकली, त्यामुळे यापुढे कोणतेही संकेतस्थळ परवानगी मागणारच नाही. ज्यांना संकेतस्थळांकडून कसलीही सूचना नको असते, त्यांनी ही वरची कळ बंद ठेवणे हाच सरळ मार्ग आहे. व्हॉट्सॲप किंवा बँकेच्या ॲपच्या सूचनांवर तिचा काही परिणाम होत नाही, कारण त्या ब्राउझरमधून येतच नाहीत.

संकेतस्थळांची नावे लक्षात येत नसतील तर आलेली सूचनाच दाबून धरावी. अँड्रॉइडवर तिथूनच तिचा स्रोत बंद करण्याची वाट मिळते, आणि अलीकडच्या क्रोममध्ये सूचनेखाली ‘अनसबस्क्राइब’ असे बटणही दिसते. मात्र सूचनेच्या मजकुरावर बोट ठेवू नये, कारण त्याने जाहिरातीचे पान उघडते. ‘व्हायरस साफ करा’ या ओळीवर तर मुळीच नाही. कोणतेही संकेतस्थळ आपल्या फोनमधील फायली तपासून व्हायरस मोजू शकत नाही, तेव्हा तो ५ चा आकडा जाहिरात बनवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असतो.

संगणकावरील क्रोममध्ये हीच यादी ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या वाटेने सापडते. तिथे प्रत्येक नावापुढे तीन ठिपके असून त्यांत ‘ब्लॉक’ आणि ‘रिमूव्ह’ हे पर्याय मिळतात. दोन्हींत फरक आहे. ‘रिमूव्ह’ केले की नाव यादीतून जाते, पण त्या संकेतस्थळाला पुन्हा विचारण्याची मुभा राहते. ‘ब्लॉक’ केले की त्याचे तोंडच बंद होते. कचरा संकेतस्थळांसाठी मी नेहमी ‘ब्लॉक’ वापरतो. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर खाली ‘परमिशन्स’ असा विभाग आहे. तिथे ‘नोटिफिकेशन्स’पुढील ‘सेटिंग्ज’ बटण दाबले की यादी उघडते आणि तिच्याखालीच नव्या विनंत्या थोपवण्याचा चौकोन असतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘साइट परमिशन्स’ शोधावे. या उपद्रवाची दखल ब्राउझर बनवणाऱ्यांनीही घेतली आहे. जानेवारी २०२० मधील फायरफॉक्स ७२ पासून पान उघडताच समोर येणारी विनंतीची चौकट दाबून ठेवली जाते, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या क्रोम ८० मध्येही अशा विनंत्या शांतपणे दाखवण्याची सोय झाली. तरीही एकदा दिलेली परवानगी आपण काढेपर्यंत बहुधा टिकून राहते, हे लक्षात असू द्यावे.

खरे पॉप-अप

दुसऱ्या प्रकारची कहाणी जुनी आहे. १९९० च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती काढली, आणि तिचे कारण असे होते की जाहिरातदाराला आपले नाव नको त्या मजकुराच्या पानावर चिकटलेले नको होते. पुढे २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे माफी मागितली. दरम्यान ब्राउझरनी प्रतिबंध बसवले होते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररलाही पॉप-अप रोखणारी सोय मिळाली. आज क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिघांतही ती सुरुवातीपासून चालू असते.

मग पॉप-अप तरीही का येतात? कारण ब्राउझर फक्त न विचारता उघडणाऱ्या खिडक्या अडवतो. आपण क्लिक केल्यावर उघडणारी खिडकी त्याला आपली इच्छा वाटते. फुकट सामना किंवा फुकट सिनेमा दाखवणारी संकेतस्थळे नेमका याचाच फायदा घेतात. चालू करण्याच्या बटणावर ती एक अदृश्य थर पसरतात, त्यामुळे पहिले क्लिक बटणाला न लागता त्या थराला लागते आणि जाहिरात उघडते. दुसऱ्या क्लिकला दुसरी. चौथ्या-पाचव्याला कधी सामना सुरू होतो, कधी होत नाही. अशा संकेतस्थळावर सेटिंग्जचा उपयोग मर्यादित असतो. तिथे जाऊ नये हा खरा उपाय, आणि तो ऐकणारे ग्राहक मला फारसे भेटलेले नाहीत. त्यांच्यासाठी जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालते, तर क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. ते ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, कारण मिळत्याजुळत्या नावांची नकली एक्स्टेन्शन्स स्वतःच जाहिराती दाखवतात.

इथे एक उलटी चूक सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या व्यवसायातलेच लोक करतात. काही सरकारी आणि बँकांची संकेतस्थळे पावती किंवा प्रवेशपत्र नव्या खिडकीत उघडतात, ब्राउझर ती खिडकी अडवतो, आणि ग्राहक मागे उभा असतो. मग दुकानदार पॉप-अपचा प्रतिबंध सगळ्याच संकेतस्थळांसाठी काढून टाकतो आणि तो वर्षभर तसाच राहतो. त्याची गरज नसते. खिडकी अडवली गेली की पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक लहान चिन्ह उमटते. त्यावर क्लिक करून केवळ त्या एका संकेतस्थळाला कायमची परवानगी देता येते. ज्यांनी आधीच सगळे मोकळे करून ठेवले असेल त्यांनी ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ उघडून मूळ प्रतिबंध परत लावावा आणि विद्यापीठ, बँक, कोषागार अशी कामाची चार नावे तेवढी खालच्या यादीत घालावीत.

पूर्ण पडदा व्यापणारी धमकी

संगणकावर अचानक निळे किंवा लाल पान पूर्ण पडदाभर पसरते, भोंगा वाजू लागतो, एक आवाज ‘संगणक बंद करू नका’ असे बजावतो आणि मध्यभागी मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन क्रमांक दिसतो. हेही एक साधे वेबपानच असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, असे त्या कंपनीनेच जाहीर केलेले आहे. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, नाहीतर एफ-अकरा दाबावी, की पान पूर्ण पडद्यावरून लहान होते. मग ऑल्ट आणि एफ-चार या कळांनी ब्राउझर बंद करावा. तोही हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझरचे नाव निवडावे आणि ‘एंड टास्क’ करावे. नंतर ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पाने परत आणू का’ असे तो विचारतो, तेव्हा नको म्हणावे. होकार दिला तर तेच पान परत येते. फोनवर असे झाले तर सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून क्रोम ‘फोर्स स्टॉप’ करावे.

कोणी त्या क्रमांकावर फोन करून बसला असेल, दुरून संगणक हाताळू देणारे ॲप उतरवले असेल किंवा पैसे पाठवले असतील, तर आधी इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून उद्या सकाळी पाहू असे म्हणू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि पडद्याचा फोटो जवळ ठेवावा.

ॲपमुळे येणाऱ्या जाहिराती

तिसरा प्रकार फोनमध्येच जास्त दिसतो. बॅटरी वाचवणारे, फोन थंड करणारे, कचरा साफ करणारे, अशा नावांची ॲप्स बहुधा गुन्हेगार निघतात, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वैशाखात फोन थंड करणाऱ्या ॲपचा मोह कोणालाही पडेल हे मी मान्य करतो. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडे उघडलेली ॲप्स दाखवणारे बटण दाबावे. कोणत्या ॲपची ती चौकट आहे त्याचे चिन्ह तिथे दिसते, आणि चिन्ह कोरे किंवा बिननावाचे असेल तर संशय पक्का झाला असे समजावे. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ शोधून, ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते पाहावे आणि अनोळखी नावाची काढावी. ॲप काढू देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर उतरवलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करून काढावे. बऱ्याच फोनमध्ये बंद करण्याचा पर्याय दाबून धरला की ती वाट मिळते. प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ची तपासणीही एकदा चालवावी. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, उघडली गेली असेल, तर मात्र प्रश्न जाहिरातींचा उरत नाही. वरच्या परिच्छेदातली बँकेची आणि १९३० ची वाट धरावी.

होमपेज परत परत बदलते तेव्हा

हे मी स्वतःवर ओढवून घेतलेल्या प्रसंगावरून सांगतो. अनेक भरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी एवढाच मागतात, आणि एका गर्दीच्या दिवशी फोटो लहान करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी घाईत उतरवला. त्या पानावर चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणे होती आणि मी सर्वांत मोठे दाबले. इन्स्टॉल करताना ‘रेकमेंडेड’वरची खूण तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर उघडला तर माझ्या नेहमीच्या पानाऐवजी एक शोधपान आले, दिसायला गूगलसारखे, पण पहिले आठ निकाल जाहिरातींचे. मी होमपेज बदलले. संगणक पुन्हा सुरू केला. तेच पान. तीनदा बदलले, तीनदा परत आले.

हराळी वरवर कापली तर आठ दिवसांत पुन्हा फुटते, आणि मी तेच करत होतो. होमपेजचे सेटिंग हे वरचे पाते होते. मुळे इतर ठिकाणी होती, आणि ती ज्या क्रमाने काढली पाहिजेत तो क्रम मला त्या दिवशी कळला. प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘ॲप्स’मध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावावी आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढून टाकावेत. माझ्याकडे एकाच तारखेला तीन निघाले, आणि मी उतरवला होता फक्त एक.

त्यानंतर ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्स पाहावीत. क्रोममध्ये ‘स्टार्टअप’ किंवा ‘सर्च इंजिन’ या सेटिंगखाली ‘एक एक्स्टेन्शन हे सेटिंग नियंत्रित करत आहे’ अशा अर्थाची ओळ आली तर चोर नावासकट सापडला, आणि ते तिथल्या तिथे बंद करता येते. ओळ नसेल तर सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून एकेक चालू करत जावे.

तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्या चिन्हावर दोनदा क्लिक करून आपण ब्राउझर उघडतो, त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. ‘टार्गेट’ या चौकटीतील ओळ साधारणपणे क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्ह यांवर संपते. माझ्याकडे त्यापुढे एक जागा सोडून त्या शोधपानाचा पूर्ण पत्ता चिकटवलेला होता, त्यामुळे आतील सेटिंग कितीही बदलले तरी चिन्हच ब्राउझरला ते पान उघडायला सांगत होते. तेवढा पत्ता खोडून ‘अप्लाय’ केले. टास्कबारवरील चिन्ह वेगळे असते, तेही तपासावे.

एवढे झाल्यावर सेटिंग्जमधील ‘रीसेट’ वापरावे. क्रोममध्ये त्याने सुरुवातीचे पान, सर्च इंजिन आणि नवा टॅब मूळ स्थितीत येतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, जातात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. लोक विनाकारण घाबरतात म्हणून हे मुद्दाम लिहिले. फायरफॉक्समध्ये यालाच ‘रिफ्रेश’ म्हणतात. विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा प्रोग्रॅमने पूर्ण तपासणी करावी, आणि जाहिरातींचे प्रोग्रॅम शोधण्यासाठी मालवेअरबाइट्सचे ॲडडब्ल्यूक्लीनर हे फुकट साधन चांगले आहे. भारत सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून अशी साधने मोफत देत आले आहे. एवढ्यावरही ठरावीक वेळी ब्राउझर आपोआप उघडून जाहिरात येत असेल, तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तशी नोंद करून ठेवलेली असते, ती काढावी. क्रोमच्या मेनूत सर्वांत खाली ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल आणि संगणक घरचा असेल, तर उपद्रवी प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, धोरण घुसवलेले असू शकते, आणि ते काम जाणकाराकडे द्यावे. महाविद्यालयाच्या किंवा बँकेच्या संगणकावर तीच ओळ अगदी रास्त असते.

अजून विंडोज ७ चालवणाऱ्यांनी एवढे जाणावे की त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

नवे होमपेज निवडणे

ब्राउझर साफ झाला की रिकाम्या जागी काय ठेवायचे हे आपण ठरवावे, नाहीतर पुढचा कोणीतरी ठरवील. ज्याला आपण होमपेज म्हणतो त्या प्रत्यक्षात तीन जागा आहेत. ब्राउझर सुरू होताच उघडते ते एक, घराच्या चिन्हावर क्लिक केल्यावर येते ते दुसरे, आणि नव्या टॅबमध्ये दिसते ते तिसरे. क्रोममध्ये पहिले ‘ऑन स्टार्टअप’मध्ये आणि दुसरे ‘अपिअरन्स’मधील ‘शो होम बटन’मध्ये ठरवता येते. तिसऱ्याच्या जागी स्वतःचे संकेतस्थळ ठेवायचे तर एक्स्टेन्शनच लागते, म्हणून ‘सुंदर नवा टॅब’ देऊ करणाऱ्या एक्स्टेन्शनकडे मी संशयानेच पाहतो. फायरफॉक्समध्ये ‘होम’ नावाचे एकच पान आहे आणि तिथे ‘कस्टम’ निवडून पत्ता द्यायचा असतो. एजमध्ये ‘स्टार्ट, होम’ या शब्दांनी सुरू होणारे सेटिंग शोधावे. फोनवरील क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मध्येच ‘होमपेज’ आहे.

पान निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: ते हलके असावे, त्यावर जाहिराती नसाव्यात आणि ते कोणाचे आहे हे स्पष्ट असावे. नेटवर्क मंद असलेल्या गावात, नंदुरबारच्या सातपुड्यातील भागात तर विशेषकरून, कोरे पान हेच उत्तम होमपेज आहे, कारण ते उघडायला इंटरनेट लागतच नाही. वाचनाची आवड असणाऱ्याने मराठी विकिपीडिया ठेवावा. २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशावर व्यावसायिक जाहिराती नसतात. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे पान ठेवायला हरकत नाही, फक्त एवढे ध्यानात घ्यावे की २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले तरी संकेतस्थळाचा पत्ता एनएमयू या जुन्या अक्षरांचाच राहिला.

सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी होमपेजचा एक व्यावहारिक फायदा आहे. ‘सातबारा’ असे शोधले की निकालांत वर प्रायोजित पाने येऊ शकतात, आणि त्यांतली काही सरकारी असल्याचा केवळ आव आणतात. महाभूलेख, आपले सरकार, महाडीबीटी यांचे पत्ते डॉट जीओव्ही डॉट इन या अक्षरांवर संपतात. एकदा नीट खात्री करून तेच होमपेज किंवा बुकमार्क केले की रोज शोधत बसावे लागत नाही, आणि पहिला नकली निकाल दाबण्याचा प्रसंगच येत नाही. क्रोमच्या ‘ऑन स्टार्टअप’मध्ये एकाहून अधिक पाने घालता येतात; माझ्या दुकानात सकाळी तीन उघडतात.

आप्पांच्या फोनवर आम्ही राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ होमपेज म्हणून ठेवले, कारण बाजार समित्यांचे आवक आणि दर तिथे मिळतात आणि त्यासाठी कोणाला ‘अलाउ’ म्हणावे लागत नाही. घराच्या चिन्हावर त्यांनी स्वतः दोनदा बोट ठेवून पाहिले. मग विचारले, क्रिकेटवाले एक तरी ठेवायचे का? मी क्रिकेटसाठी ओळखीचे ॲप उतरवून दिले आणि त्याच्याच सूचना चालू ठेवल्या.

दुकानदारांसाठी एक शेवटची गोष्ट. ग्राहक आपल्या गूगल खात्याने आमच्या ब्राउझरमध्ये शिरला आणि सिंक, म्हणजे खात्यातील सेटिंग्ज सगळ्या संगणकांवर सारखी ठेवण्याची सोय, चालू राहिले, तर त्याच्या घरच्या संगणकावरची एक्स्टेन्शन्स, होमपेजसकट, आमच्या संगणकावर येऊन बसतात, आणि आपण साफ केलेले पुन्हा घाण होते ते बहुधा याच मार्गाने. त्यामुळे ग्राहकासाठी क्रोममधील प्रोफाइलच्या चिन्हावरून ‘गेस्ट’ खिडकी उघडावी. ती बंद केली की त्यातले लॉगिन आणि इतिहास पुसला जातो. ज्यांच्या स्वतःच्याच दोन संगणकांत होमपेज एकसारखे बिघडलेले असते, त्यांनी आधी दोन्हीकडील सिंक थांबवावे, दोन्ही साफ करावेत आणि मगच ते पुन्हा सुरू करावे.